अंगठा पाठवणारा बाप

लूमच्या खात्यात कुणी आवाजाने बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि त्या खात्यात एका पत्र्याखाली इतकी मशीनं खडखडत असतात की माणूस स्वतःच्या कानात ओरडला तरी त्याला ते कळायचं नाही. तिथे लोक ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली म्हणजे धागा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला म्हणजे शेठ आला. अंगठा वर केला म्हणजे कळलं, चालू दे. नवा कारागीर सुरुवातीला बावळटासारखा "काय? काय?" करत फिरतो. मग त्यालाही समोरच्याच्या ओठांकडे बघायची सवय लागते आणि एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.

भिकन बोरसेचं सगळं तारुण्य या सवयीत गेलं. दोंडाईच्याजवळच्या गावाहून तो मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला, लूमवर उभा राहिला तो उभाच. लग्न झालं, पर्वत पाटियाच्या पुढे एका सोसायटीत दोन खोल्या झाल्या, मुलगा झाला, मुलगी झाली आणि या सगळ्या गडबडीत त्याचे कान कधी गेले हे त्याचं त्यालाच समजलं नाही. एकदम गेले असते तर माणसाने बोंब तरी मारली असती. हे थोडं थोडं गेलं. आधी पाखरं गेली, मग घरचं दार वाजणं गेलं, मग पाठीमागून हाक मारणारी माणसं गेली. समोरचा माणूस तेवढा राहिला, कारण समोरच्या माणसाला ओठ असतात.

ही गोष्ट भिकनने कुणाला सांगितली नाही. बायकोला तेवढी कळली, कारण बायकोपासून काही लपत नाही. उषाबाई शहाणी बाई. ती नवऱ्याशी बोलताना आधी त्याच्या दंडाला हात लावायची, मग पुढ्यात येऊन उभी राहायची आणि मग बोलायची. पण पोरांना सांगायचं नाही, अशी भिकनने तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. पोरांना कळलं की सोसायटीला कळणार, सोसायटीला कळलं की खात्याला. बहिरा कारागीर कोण ठेवतो? मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलतं, तो आवाज ओळखणं हेच तर कारागिराचं काम. भिकन मशीनवर तळवा ठेवून ते ओळखायचा आणि मशीनं दुरुस्त करणाऱ्या मास्टरला वाटायचं, भिकनआप्पाचा मशीनवर फार जीव आहे.

घरात हे सोंग छान चाललं, कारण तेव्हा घरात माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत. जयश्री तर लहानपणापासून बापाची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि शाळेतलं सगळं रामायण ऐकवायची. भिकनला तिचा एक शब्द चुकत नसे. मग घरात मोबाइल शिरले. गोपाल, त्याचा मुलगा, साडीच्या मार्केटमध्ये कामाला लागला. दुकानात मोबाइल समोर ठेवून दिवसभर साड्या उलगडायच्या आणि कुठल्या कुठल्या गावच्या बायकांना "दीदी, ये पल्लू देखो, दीदी, ये बॉर्डर देखो" करायचं, हे त्याचं काम. त्या कधी न पाहिलेल्या दीदींशी बोलून बोलून तो इतका दमायचा की घरी बापाशी बोलायला त्याच्याकडे काही उरत नसे. जेवताना डोकं खाली, तोंडासमोर मोबाइल. तो काही बोलला तरी ओठ मोबाइलआड. भिकन ताटात बघून मान हलवायचा. चुकीच्या जागी मान हलली तरी गोपालला पत्ता नसे, कारण तोही बघत नसे.

जयश्रीचं लग्न कडोदऱ्याला झालं. जावई सुमित. दुकानांत, मिलमध्ये, सोसायट्यांत कॅमेरे बसवायचा त्याचा धंदा. मुलगा निर्व्यसनी, बोलायला गोड, सासूसासरे गावी, दोघांचाच संसार. भिकनने खात्यात सगळ्यांना सांगितलं होतं की आपला जावई टेक्निकल लाइनमध्ये आहे, अर्ध्या कडोदऱ्यावर त्याचे डोळे आहेत. सुरुवातीला जयश्री सुट्टी बघून बसने घरी यायची, आईच्या हातचं खाऊन संध्याकाळी परत जायची. पुढच्या दिवाळीला जावयाने सासऱ्याला नवा मोबाइल भेट दिला. मोठा, चकचकीत. म्हणाला, "आप्पा, आता बसचे धक्के खात तिने यायची गरजच नाही. रोज यावर भेटा." भिकनला इतका आनंद झाला की तो मोबाइल त्याने खात्यातल्या मास्टरच्याही हातात कौतुकाने दिला.

त्यानंतर जयश्रीचं येणं थांबलं.

आधी व्हिडिओ कॉल यायचे. त्यात ती दिसायची, पण ओठ एका ठिकाणी आणि चित्र दुसऱ्याच ठिकाणी, मधेच सगळं गोठायचं. तरी उषाबाई शेजारी बसून नंतर तोंडासमोर येऊन सांगायची की लेक असं असं म्हणाली. मग उषाबाईची आई गावी पडली, तिचं सगळं अंथरुणात आलं आणि उषाबाईला गावी जाऊन राहावं लागलं. त्याच सुमाराला जयश्रीने व्हिडिओ कॉल बंद केले. नेट पुरत नाही, असं गोपालला लिहून कळवलं तिने. त्याऐवजी ती बापाला बोलून मेसेज पाठवू लागली. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. बापाला वाचायचा कंटाळा, आवाज ऐकला की बरं वाटेल, असा बिचारीचा हिशेब.

खरं सांगायचं तर व्हिडिओ बंद झाल्यावर भिकनला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता तोंड लपवावं लागणार नव्हतं. मेसेज आला की तो गच्चीवर जायचा, मोबाइल कानाला लावायचा, त्याची बारीक थरथर गालाला जाणवायची, ती थांबली की लेक बोलून झाली असं समजायचा आणि अंगठा पाठवायचा. पिवळा, टुमदार, वर केलेला अंगठा. कळलं, चालू दे. एवढी जिंदगी त्याने खात्यात अंगठ्यावर काढली होती. त्यात काही वावगं आहे, हे त्याच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

एकदा मात्र त्याला चैन पडेना. मेसेज जरा लांब होता, थरथर थांबतच नव्हती. त्याने गोपालपुढे मोबाइल धरला. "डोळ्यात काही गेलंय, जरा ऐक बरं जयू काय म्हणते." आता ऐकायला डोळे कशाला लागतात, हे विचारण्याइतकंही लक्ष गोपालचं नव्हतं. त्याने मेसेज दुप्पट वेगाने लावला, सुरुवातीचं थोडं ऐकलं, मोबाइल परत दिला आणि ओठ हलवले, "काय नाय, रोजचंच. जेवलात का विचारते." भिकनने अंगठा पाठवला.

पुढे एका दुपारी सुट्टीत सगळे चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उभे होते. वैशाखाचं ऊन, पत्र्याची सावली, हातात कटिंग. भिकनच्या खिशात मोबाइल थरथरला. शेजारच्या मशीनवरचा दगा, त्याच्याच दोंडाईच्याकडचा, हसून म्हणाला, "आप्पा, लेकना मेसेज व्हई. ऐक, आम्ही नही ऐकतस." बाकीचे हसले. आता सगळ्यांसमोरून कुठे पळणार? भिकनने ऐटीत मोबाइल काढला, मेसेज दाबला आणि कानाशी धरला. आवाज पूर्ण मोठा होता. तो कायमच पूर्ण मोठा असायचा. भिकनला काय माहीत?

थरथर सुरू झाली. भिकन सवयीप्रमाणे गालातल्या गालात हसू लागला, लेक बोलते आहे म्हटल्यावर बाप जसा हसतो तसा. समोर दगाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. लारीवाल्याने स्टो बारीक केला. कुणीतरी दुसरीकडे बघायला लागलं. भिकनने हे पाहिलं, पण त्याचा अर्थ लागेपर्यंत थरथर थांबली, आणि हात आपोआप चालला. त्याने अंगठा पाठवला.

दगाने कप खाली आपटला. त्याने भिकनचा शर्ट धरला आणि तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं. त्याचे ओठ इतके थरथरत होते की भिकनला पहिल्यांदा काही वाचताच येईना. मग वाचता आलं.

"तू बाप शे का कोन? पोर मरानी गोठ करी ऱ्हायनी आनि तू हसस? अंगठा धाडस?"

भिकनचं हसू तोंडावरच राहिलं. लूममध्ये हात जाता जाता वाचला की जसं होतं तसं त्याला झालं, फक्त इथे हात वाचला नव्हता. काय झालं, हे त्याला विचारायचं होतं, पण त्याआधी दुसरंच काहीतरी तोंडातून निघालं. जन्मभर ज्याच्यासाठी शपथा घातल्या, ते लारीवर, सगळ्यांदेखत निघालं. "दगा, माले ऐकाले येत नही रे. कव्हयच नही येत."

दगाने शर्ट सोडला. तो त्याला दंडाला धरून गोडाऊनच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. मोबाइल स्वतःच्या कानाला लावला आणि मेसेज ऐकत ऐकत, आवाज न काढता, खात्यात बोलतात तसं नुसत्या ओठांनी सांगू लागला. दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. जयश्रीचे शब्द दाढीचे खुंट वाढलेल्या दगाच्या तोंडून निघत होते आणि भिकन ते बघत होता.

"आप्पा, मी आज शेवटलं इचारस. मी आठेच, या घरमाच ऱ्हाऊ का? तुम्ही हां म्हना, मी मरी गई तरी आठेच ऱ्हासू. परत नही इचारस."

खाली अंगठा. आत्ताच पाठवलेला, ताजा.

"मागला लाव," भिकन म्हणाला. "सगळा लाव."

दगा मागे मागे जाऊ लागला. एका मेसेजमध्ये ती सांगत होती की घरात कॅमेरा लावला आहे, मी जराशी बसले की भिंतीतून यांचा आवाज येतो, उठ, काय बसलीस? खाली अंगठा. एकात म्हणत होती की शेजारणीशी दारात बोलले म्हणून यांनी दार बाहेरून लावून घेतलं. खाली अंगठा. एक मेसेज ऐकताना दगा थांबला, त्याने तोंड पुसलं आणि डोळे मिटून ओठ हलवले. "आप्पा, काल यास्नी माले मारं. तोंडवर मारं. आईले नका सांगू. तुम्ही एकदाव या ना." खाली अंगठा. व्हिडिओ का बंद झाले ते भिकनला तिथे, त्या टाकीपाशी समजलं. आणखी एकात ती म्हणत होती, यांनी माझा मोबाइल बघितला, तुमचा अंगठा मला दाखवला. म्हणाले, बघ, तुझ्या बापालाही चालतं.

भिकनने खूण केली, तिला फोन लाव. त्याला भीती वाटत होती, आणि ती कशाची म्हणून सांगावी? लेकीला काही झालं असेल याची. आत्ता, या क्षणी, तो अंगठा बघून ती काय करत असेल याची. आपण एवढे महिने हसत होतो याची. दगाने तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दगाने हाताने खूण केली, तू जा, मशीन मी बघतो.

कडोदऱ्याच्या बसमध्ये भिकन उभाच राहिला. बसायला जागा होती, पण बसवेना. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि तो दाराशी जाऊन परत येत होता. कडोदऱ्याला उतरला आणि मग त्याला कळलं की लेकीच्या घरचा रस्ता आपल्याला येत नाही. एकदाच आला होता, भांडी लावायला, तेही टेम्पोतून. त्यानंतर यायची गरजच पडली नव्हती, रोज भेट होत होती ना! त्याने पानवाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं. पानवाला मोबाइलमधून मान न काढता काहीतरी बोलला. भिकनने पुन्हा विचारलं. आता त्याने वर बघितलं. "लोकेशन नथी? लोकेशन नाखो ने." एका पोराने त्याचाच मोबाइल हातात घेऊन दोन बोटांत नकाशा लावून दिला आणि निघून गेला. नकाशा बोलून रस्ता सांगत होता म्हणे. भिकनच्या हातात तो नुसता थरथरत राहिला. भरदुपारी, भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. लेक इथेच कुठेतरी, एखाद्या भिंतीपलीकडे, आणि एकही माणूस तोंड वर करून सांगायला तयार नाही.

शेवटी भेंडी विकणाऱ्या एका म्हातारीला दया आली. तिला मोबाइलच नव्हता. तिने पाटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि भिकनला थेट गेटपर्यंत नेऊन सोडलं.

तिसरा मजला. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. भिकनने बेल दाबली. आतून कुणी ओ दिली तरी आपल्याला कळणार नाही, म्हणून त्याने दाराला तळवा लावला. काही नाही. पुन्हा बेल दाबली. लाकूड गार, मुकं. त्याने दुसराही तळवा लावला, कपाळ टेकलं. मग अगदी बारीक, पायांची हालचाल लाकडातून हाताला लागली. कुणीतरी चालत होतं. भिकन दाराला टेकूनच रडला.

दार उघडून जयश्री उभी राहिली. वाळून गेली होती. एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस. तिचे ओठ हलले, "आप्पा." पण डोळ्यांत ओळख येण्याआधी भीती आली आणि तिने मागे वळून छताच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे एक पांढरा डबा होता, त्यात एक काळी काच.

भिकन आत आला. "जयू, माय, तू बरी शे ना?" ती उत्तर देणार तोच दचकली. इतकी दचकली की भिकनही दचकला, कारण खोलीत काहीच झालं नव्हतं. कुणी आलं नव्हतं, काही पडलं नव्हतं. जयश्री कोपऱ्याकडे तोंड करून बोलू लागली. तिची अर्धी जिवणी त्याला दिसत होती. "हो... आप्पाच आलेत... नाही, मी नाही बोलावलं... हो, चहाच करते." मधे मधे ती थांबत होती, मान खाली घालत होती, पुन्हा बोलत होती. कुणाशी? भिंतीशी. भिकनने जन्मभर माणसांच्या तोंडाकडे बघून जग ओळखलं होतं आणि इथे एक आवाज त्याच्या लेकीला कापरं भरवत होता, त्या आवाजाला तोंडच नव्हतं. खात्यातली मशीनंही निदान समोर दिसतात.

तो तिच्या मागे ओट्यापाशी गेला आणि खच्चून म्हणाला, बहिरी माणसं म्हणतात तसं, "जयू, मी तुना एक बी मेसेज ऐकेल नही. माले ऐकाले येत नही."

जयश्री वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भिकनला मारापेक्षा वाईट लागलं. तिला वाटलं, बाप आता सबबी सांगतो आहे. सगळं ऐकून अंगठे पाठवले आणि आता घाबरून आला आहे. तिने पाठ फिरवली, गॅसवर पातेलं ठेवलं आणि पाठमोरीच काहीतरी बोलू लागली. खांदे हलत होते, मान हलत होती. खूप बोलत होती. भिकनला त्यातलं काही कळत नव्हतं. तो ओट्याला वळसा घालून, फ्रिज आणि भिंतीच्या मधे अंग घुसवून तिच्या तोंडासमोर आला. ती दुसरीकडे वळली. तो पुन्हा फिरून समोर आला. तिने चिडून तोंड तिसरीकडे केलं, आणि हा म्हातारा धडपडत, पातेल्याला कोपर लावत, पुन्हा तिच्या ओठांपुढे.

तेव्हा तिला कळलं. आपण हनुवटी धरायचो आणि तो आपल्याकडे बघत राहायचा, ते सगळं बघणं काय होतं हेही बहुधा कळलं. तिचा हात तोंडावर गेला. मग तिने हात काढला, कॅमेऱ्याकडे पूर्ण पाठ केली आणि आवाज न काढता ओठ हलवले.

"खरंच नाही ऐकलं?"

भिकनने मान हलवली.

"एकही नाही?"

"एक बी नही."

तिने दाराकडे बघितलं. मग तिचे ओठ हलले. "ते निघालेत. गाडी काढलीय. दुकान जवळच आहे." आणि मग, "आप्पा, मला इथून न्या."

"चप्पल घाल," भिकन म्हणाला.

हे त्याने मोठ्यानेच म्हटलं. त्याला हळू बोलता येतच नव्हतं. कोपऱ्यातल्या डब्याने काय आकांत मांडला असेल ते जयश्रीच्या चेहऱ्यावर दिसलं. ती गोठून उभी राहिली, पाय उचलेना. धमक्या असतील, शिव्या असतील, गोड बोलणंही असेल. भिकनपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. त्याने गॅस बंद केला, दाराजवळच्या चपला उचलून तिच्या पायापाशी ठेवल्या आणि तिचं मनगट धरलं. मनगट बाहीतून इतकं बारीक लागलं की त्याने पकड सैल केली, सोडली मात्र नाही.

जिना उतरताना, गेट ओलांडताना, हायवेच्या कडेने चालताना भिकन दर दोन पावलांनी मागे बघत होता. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज त्याला येणार नव्हता. जयश्रीला येत होता. प्रत्येक मोटरसायकलीला तिची बोटं त्याच्या हातात घट्ट व्हायची, गाडी पुढे गेली की ढिली पडायची. तेवढ्यावरून त्याला कळत होतं. थांब्यावर एक मोटरसायकल हळू झाली, तेव्हा तिची नखं रुतली. हेल्मेटवाला माणूस त्यांच्याकडे बघून पुढे गेला. दुसराच कुणीतरी. मग बस आली.

बस जवळजवळ रिकामी होती. जयश्री खिडकीशी बसली. मागच्या काचेतून रस्ता दिसत होता, ती मान वळवून बघत होती. भिकन तिच्या शेजारी बसला नाही. तो समोर, दोन बाकांच्या मधे, दांडीला धरून उभा राहिला. कंडक्टरने येऊन खूण केली, बसा ना काका, जागा आहे. भिकनने मान हलवली.

"आप्पा, बसा," जयश्री म्हणाली.

"बसनू ते तुनं तोंड दखास नही."

बसने वळण घेतलं, भिकन झोकांडला, सावरला. "सांग," तो म्हणाला. "पहिलापासून सांग. सगळं."

मोबाइलशी बोलताना तिला कुणी बघत नव्हतं, त्यामुळे ती बोलू शकली होती. आता समोर बापाचा चेहरा होता. ओठ उघडत होते आणि मिटत होते. भिकनला पुन्हा तीच भीती वाटली, ही आता बोललीच नाही तर? तो थांबला. कामरेजकडे जाणारे ट्रक खिडकीतून जात राहिले. मग तिने डाव्या हाताची बाही थोडी वर केली, आणि बोलू लागली.

भिकनला तो हात बघवेना. जे ती सांगत होती ते तर त्याहून बघवेना. मान फिरवावी, बाहेर बघावं, असं त्याला फार वाटत होतं. दुसऱ्या कुठल्याही बापाने ती फिरवली असती आणि नुसतं ऐकलं असतं. भिकनने मान फिरवली असती तर तिचं बोलणं तिथेच थांबलं असतं. म्हणून पर्वत पाटिया येईपर्यंत तो दांडीला धरून, डोळे न हलवता, तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.